नाव खोडलं, तरी माणूस दिसतोच आहे

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार.

मी मेडिसिन विभागात दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. डॉक्टरांच्या परिषदेत भिंतीवर लावतात तसं, एका केसची माहिती मांडणारं पहिलंच पोस्टर करते आहे. केस दुर्मीळ आहे. घड्याळं दुरुस्त करणारे ४१ वर्षांचे गृहस्थ, आणि बारीक भाग धुवायच्या द्रावकामुळे हातापायांच्या नसा हळूहळू निकामी झालेल्या. पोस्टरवर नाव नाही. पूर्ण उंचीच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी आहे. वय, व्यवसाय, गाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख एवढं आहे.

प्रिंट काढून ड्यूटी रूममध्ये लावलं, तर दुसऱ्या वॉर्डच्या एक सिस्टर बघताक्षणी म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आमच्या गल्लीतले घड्याळवाले! यांना हे झालंय होय?" मला धसका बसला. गाईड सरांना सांगितलं. ते म्हणाले, "नाव नाही, डोळे झाकलेत, आणखी काय हवं? सगळंच काढलं तर केसमध्ये उरेल काय? शिवाय भरतीच्या फॉर्मवर 'शैक्षणिक कामासाठी माहिती वापरता येईल' असं लिहिलेलं आहे, त्यावर त्यांची सही आहे." मी अति करते आहे का?

आणखी दोन गोष्टी. आमच्या युनिटच्या ग्रुपवर रोज केसपेपरचे, रिपोर्टचे फोटो पडतात. ते बरोबर आहे का? आणि माझ्या आत्याचा फोन आला होता. तिच्या शेजारच्या बाई आमच्याकडे भरती आहेत. "तू तिथेच आहेस, नक्की काय झालंय बघून सांग ना, काळजी वाटते," म्हणाली. मी विषय बदलला. पण ती पुन्हा विचारणार.

– एक निवासी डॉक्टर

उत्तर

प्रिय डॉक्टर,

आधी एक सांगून टाकते. तुमचं पत्र छापताना त्यातल्या रुग्णाचं वय, व्यवसाय आणि आजार हे तिन्ही मी बदलले आहेत, आणि बदललेलं पत्र तुम्हाला दाखवूनच इथे घेतलं आहे. घड्याळं आणि द्रावक माझ्या पदरचे. मूळ पेच तेवढा तसाच ठेवला आहे. आजार कामामुळे झालेला, त्यामुळे काम सांगणं भाग, आणि काम सांगितलं की माणूस ओळखू येतो. सदरात अशी अदलाबदल मला चालते, कारण हे वाचून कुणी उपचार ठरवणार नाही. पोस्टरमध्ये तुम्हाला ती चालणार नाही. का, ते पुढे येईलच.

तुम्ही अति करत नाही. उलट सिस्टरांनी तुमचं मोठं काम फुकटात करून दिलं आहे. पोस्टर लागण्याआधीच त्याची परीक्षा झाली, आणि पोस्टर नापास झालं.

गुप्ततेचा विचार करताना आपल्या डोळ्यासमोर कुणीतरी अनोळखी माणूस असतो. तो पोस्टर वाचेल, त्याला नाव कळणार नाही, झालं. पण त्या अनोळखी माणसाला तुमच्या रुग्णाशी काही देणंघेणंच नसतं. त्याला नाव कळलं तरी तो ते संध्याकाळपर्यंत विसरेल. रुग्णाला धास्ती असते ती ओळखीच्यांची. शेजारी, गिऱ्हाईक, भावकी, मालक, कर्ज देणारा. आणि नेमक्या याच लोकांजवळ अर्धी माहिती आधीपासून असते. हा माणूस काय काम करतो, कुठे राहतो, मधे पंधरा दिवस दुकान का बंद होतं, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. उरलेली अर्धी तुमचं पोस्टर पुरवतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या हातात आता जोर नाही ही बातमी गल्लीत पोचली, तर त्याच्याकडे घड्याळ टाकणार कोण? नुकसान हे असं असतं, आणि ते नाव न छापताही होतं.

म्हणून "नाव काढलंय का?" हा प्रश्नच मला कमअस्सल वाटतो. विचारायचं ते असं: या माणसाला ओळखणाऱ्या, पण त्याचा आजार ठाऊक नसलेल्या कुणी हे वाचलं, तर त्याला काय काय कळेल? सिस्टर बरोबर त्या जागी उभ्या होत्या. त्या तुमच्या युनिटच्या असत्या तर गोष्ट वेगळी होती, उपचार करणाऱ्यांना रुग्ण ओळखू येणारच. त्या दुसऱ्या वॉर्डच्या आहेत. त्यांना कळलं ते पोस्टरमुळे कळलं.

नाव काढूनही माणूस सापडतो हे सांगणारा एक जुना किस्सा आहे, सरांना ऐकवायला उपयोगी पडेल. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा पाहणाऱ्या आयोगाने, कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे १ लाख ३५ हजार जणांच्या उपचारांच्या नोंदी संशोधकांना दिल्या. नावं आणि पत्ते काढले होते. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड ठेवले होते. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचाही विमा तिथेच होता. लताना स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी वेल्ड राहत त्या केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे शहरात सहा जण निघाले. त्यातले तीन पुरुष. त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी अशा सापडल्या. १९९० च्या जनगणनेवरून स्वीनींनी पुढे अंदाज मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवर अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेवाद्वितीय ठरतात. नंतरच्या जनगणनेवर दुसऱ्या संशोधकाने तोच हिशोब केला तेव्हा आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास आला. आकड्यावरून वाद घालायला जागा आहे, पण ६३ धरला तरी दिलासा कसला?

स्वीनींना मतदारयादी विकत घ्यावी लागली. गल्लीची यादी सिस्टरांच्या डोक्यात आहे, तिला वीस डॉलरही पडत नाहीत.

या प्रकारानंतर अमेरिकेने आरोग्यविषयक माहितीच्या गुप्ततेचे जे नियम केले, हिपा म्हणतात ते, त्यात ओळख पटवणाऱ्या १८ गोष्टींची यादीच दिली आहे. नाव, फोन, ईमेल, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक हे तर त्यात आहेतच. पण वर्ष सोडून बाकी सगळ्या तारखाही आहेत. जन्माची, भरतीची, डिस्चार्जची, मृत्यूची. राज्यापेक्षा लहान कुठलाही भूभाग आहे, म्हणजे गाव आलंच. पूर्ण चेहऱ्याचा फोटो आहे. ८९ च्या वरचं वयही आहे, कारण नव्वदी पार केलेली माणसं मोजकी असतात, म्हणून त्या सगळ्यांना '९० आणि पुढे' अशा एकाच गटात टाकायचं. अठरावी नोंद म्हणजे 'या व्यक्तीची ओळख पटवणारी इतर कुठलीही खूण'. आणि यादीखाली एक अट आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे अठराच्या अठरा काढले, तरी उरलेल्या माहितीवरून माणूस ओळखता येतो हे तुम्हाला प्रत्यक्ष माहीत असेल, तर ती नोंद निनावी धरली जात नाही. तुम्हाला आता ते प्रत्यक्ष माहीत आहे. सिस्टरांनी तोंडावर सांगितलं आहे.

ही यादी अमेरिकेची. तुमच्यावर ती कायद्याने लागू असो नसो, पोस्टर शेजारी ठेवून बोट फिरवायला उत्तम आहे. भारतातल्या डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांतही ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा केस परवानगीशिवाय छापू नये असं आहे, आणि ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही असंही पुढे आहे. सरांचं सगळं म्हणणं त्या दुसऱ्या वाक्यावर उभं आहे. पण ओळख उघड होते की नाही हे ठरवणार कोण? सरांना ती होत नाही असं वाटतं, कारण सर त्या गल्लीत राहत नाहीत.

आता पोस्टरकडे. "सगळंच काढलं तर उरेल काय?" हा सरांचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. प्रत्येक तपशिलापाशी थांबून विचारा की हा कशासाठी आहे.

गाव कशासाठी? आजार तिथल्या पाण्यामुळे किंवा मातीमुळे झाला असता तर गोष्ट वेगळी. इथे काही कारण नाही, काढा. भरतीची तारीख? वाचणाऱ्याला लागतो तो कालक्रम: त्रास सुरू झाल्यापासून किती महिन्यांनी आले, द्रावक बंद केल्यावर किती आठवड्यांनी फरक पडला. 'पहिला दिवस', 'सहावा आठवडा' असं लिहा, कॅलेंडर लागत नाही. वय ४१ असं नेमकं कशाला? 'चाळिशीतले पुरुष' एवढ्यावर निदान अडत नाही. लहान मुलाची केस असती तर महिन्यांचाही फरक पडला असता, तिथे नेमकं वय ठेवावं लागतं आणि मग बाकीचं जास्त काटेकोर करावं लागतं.

व्यवसायाचं खरं अवघड आहे. तो काढला तर केसच बसली. पण वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचं काय आहे ते बघा. घड्याळ नाही, द्रावक महत्त्वाचं आहे. बंद खोलीत, रोज कित्येक तास, वर्षानुवर्षं, एन-हेक्सेनसारख्या नसांना इजा करणाऱ्या द्रावकाशी आलेला संबंध महत्त्वाचा आहे. 'बारीक धातूचे भाग द्रावकाने पुसण्याचं हातकाम करणारे' असं लिहिलं की डॉक्टर वाचकाला हवं ते सगळं मिळालं आणि गल्लीतल्या वाचकाला जवळपास काहीच मिळालं नाही. उलट हे वाक्य केस अधिक नेमकी करतं. नाहीतर वाचणारा डॉक्टर उद्या फक्त घड्याळवाल्यांनाच हा प्रश्न विचारेल आणि तेच द्रावक असलेल्या गोंदाने चपलेचे तळवे चिकटवणारा त्याच्या नजरेतून सुटेल.

फोटो. मला सगळ्यात आधी हेच कळलं नाही की हातापायांच्या आजारात चेहरा हवाच कशाला? हातांचे बारीक स्नायू झिजलेत ते दाखवायचं, तर हात दाखवा. चौकट मनगटापाशी संपवा, म्हणजे दंडावरचं गोंदण, जुना व्रण, ताईत यातलं काही आत येणार नाही. डोळ्यांवरची काळी पट्टी तर आता विसराच. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती स्पष्ट सांगते की फोटोत डोळे झाकणं हे ओळख लपवायला अपुरं आहे. आपण माणूस चालीवरून ओळखतो, हनुवटीवरून ओळखतो, शर्टावरूनही ओळखतो. पट्टी फोटो दाखवणाऱ्याच्या मनाला बरं वाटावं म्हणून असते. एमआरआयसारख्या तपासण्यांनाही चेहरा असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआयवरून संगणकावर चेहरे उभे केले आणि चेहरे ओळखणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरला त्यांच्या फोटोंशी ते जुळवायला लावले. त्यातले ७० बरोबर जुळले.

फाईलच्या आतही एकदा डोकावा. नर्व्ह कंडक्शनच्या, म्हणजे नसांमधून संदेश कसा जातो ते मोजणाऱ्या तपासणीच्या आलेखाच्या वरच्या कोपऱ्यात नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो स्लाइडमध्ये 'क्रॉप' केला तरी कापलेला भाग बहुधा फाईलमध्ये तसाच राहतो आणि दुसऱ्याला तो परत उलगडता येतो. नावावर काळा चौकोन ठेवून पीडीएफ केली तर खालची अक्षरं कधीकधी कॉपी करून काढता येतात. मोबाईलने काढलेल्या फोटोत तारीख असते आणि सेटिंग चालू असेल तर ठिकाणही असतं. सीटी, एमआरआयच्या यंत्रातून निघणाऱ्या मूळ फाईलमध्ये (तिला डायकॉम म्हणतात) चित्राच्या मागे नाव, जन्मतारीख सगळं बसलेलं असतं. खात्रीचा उपाय म्हणजे चित्र कापून नव्याने वेगळं साठवायचं आणि तेच पोस्टरमध्ये टाकायचं.

आता बदल करण्याबद्दल. कुणीतरी तुम्हाला नक्की सुचवेल की घड्याळवाल्याचा छपाईकामगार करून टाक, पुरुषाची बाई कर, म्हणजे प्रश्नच मिटला. ते करू नका. हे सदर आहे आणि मी तसं केलं. तुमचं पोस्टर हा पुरावा आहे. उद्या कुणीतरी जगभरातल्या अशा केसेस गोळा करून 'हा आजार कोणत्या कामात जास्त होतो' असा लेख लिहील, आणि तुमचा काल्पनिक छपाईकामगार त्यात मोजला जाईल. तपशील गाळता येतो, ढोबळ करता येतो, खोटा करता येत नाही.

एवढं करूनही दुर्मीळ केस ती दुर्मीळच. काही केसेस इतक्या वेगळ्या असतात की निदानच ओळख सांगतं. म्हणून संमती. भरतीच्या फॉर्मवरच्या त्या ओळीला मी संमती म्हणणार नाही. भरती होताना माणूस पुढे सरकवलेल्या प्रत्येक कागदावर सही करतो, कारण त्याला खाट हवी असते. त्याच्या मनात 'शैक्षणिक काम' म्हणजे फार तर राउंडला विद्यार्थी भोवती उभे राहणार इतकंच असतं. आपला हात परिषदेच्या भिंतीवर लागणार आणि तिथून कुणाच्याही मोबाईलमध्ये जाणार, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

संपादकांच्या त्याच समितीची आणखी एक अपेक्षा आहे, आणि ती पाळणारे फार थोडे मला भेटले: ओळख पटण्याची शक्यता असेल तर मजकूर छापण्याआधी रुग्णाला दाखवायचा. एथिक्स कमिटीवर असताना मी हे सुचवलं की समोरचे कावरेबावरे व्हायचे. रुग्णाला त्यातलं काय कळणार, असं त्यांना वाटायचं. निदान कळणार नाही कदाचित. पण "माझ्या हातावरचा हा भाजल्याचा डाग गावात सगळ्यांना माहितेय" हे तुम्हाला त्याच्याखेरीज कोण सांगणार? आपली ओळख कशाकशाने पटते याचा तज्ज्ञ तोच.

त्यांना फॉलोअपला बोलवाल तेव्हा विचारा, राउंडच्या गर्दीत नको. सुधारलेलं पोस्टर समोर ठेवा. हे कुठे लागणार, कोण बघणार, बघणारे फोटो काढू शकतात, एकदा छापलं की परत घेता येत नाही, हे सगळं त्यांच्या भाषेत सांगा. नाही म्हणालात तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही हे सांगा, आणि शक्य असेल तर उपचार न करणाऱ्या कुणाला तरी सोबत घ्या, कारण ज्या डॉक्टरच्या हातात आपलं औषध आहे तिला नाही म्हणणं जड जातं. 'विचार करून सांगतो' म्हणाले तर खरंच वेळ द्या. नाही म्हणाले, तर पोस्टर नाही. पहिलं पोस्टर हातचं जाणं मला कळतं, पण त्याला इलाज नाही. आणि माझा अनुभव असा की नीट विचारलं तर बहुतेक लोक हो म्हणतात. आपल्यामुळे दुसऱ्या कुणाचा त्रास लवकर ओळखला जाईल, हे त्यांना आवडतं.

आणि सिस्टर? पोस्टर खाली घ्या, ती प्रिंट फाडून टाका, आणि त्यांच्याशी सरळ बोला: "तुमच्यामुळे माझी चूक कळली, पण हे गल्लीत जाऊ देऊ नका." नर्सिंगच्या शिक्षणात त्याही हेच शिकल्या आहेत. रुग्णाला हे सांगायचं की नाही यावर माझं मत असं, की संमती विचारताना सांगून टाकावं. "आमच्याकडच्या एका सिस्टरनी पहिल्या पोस्टरवरून तुम्हाला ओळखलं, म्हणून हे बदललं" या वाक्याने ते रागावतीलही. तो राग ऐकून घ्यायचा. नंतर त्यांना गल्लीतूनच कळलं तर तुमच्यावरचा विश्वास संपेल.

सरांशी वाद घालू नका. नवीन पोस्टर घेऊन जा. "उरेल काय" याचं उत्तर त्यांना डोळ्यांनी दिसू द्या. सोबत हेही सांगा की हीच केस पुढे नियतकालिकाला पाठवायची झाली तर बहुतेक ठिकाणी स्वतंत्र संमतीपत्र मागतात, तेव्हा आत्ताच घेऊन ठेवलेलं बरं. हा युक्तिवाद नीतीच्या युक्तिवादापेक्षा हटकून जास्त चालतो, असं का ते विचारू नका. आयोजकांना गोषवारा आधीच गेला असेल आणि त्यात गाव, तारखा असतील, तर आजच बदली मजकूर पाठवा. आणि सर तरीही जुन्यावरच अडून बसले तर संस्थेच्या एथिक्स कमिटीला लेखी विचारा. पोस्टरवर पहिलं नाव तुमचं आहे.

ग्रुपचा प्रश्न आता. इथे मी थोडी तुमच्या युनिटच्या बाजूने आहे. रात्री दोन वाजता ईसीजीचा फोटो वरिष्ठांना पाठवून विचारणं हा गुप्ततेचा भंग नाही, तो उपचार आहे. गुप्तता पाळायची म्हणून माहिती अडवून धरणारे लोकही मी पाहिलेत, त्यात रुग्णाचंच नुकसान होतं. ब्रिटनमध्ये रुग्णांच्या माहितीसाठी कॅल्डिकॉट तत्त्वं म्हणून आहेत, १९९७ पासूनची. २०१३ साली त्यांत मुद्दाम भर घातली गेली की माहिती योग्य वेळी योग्य माणसाला देण्याचं कर्तव्य गुप्ततेच्या कर्तव्याइतकंच मोलाचं असू शकतं.

प्रश्न ग्रुपवर कोण आहे हा आहे. मागच्या वर्षी पास होऊन गेलेले अजून आहेत का? औषध कंपनीचा प्रतिनिधी कधीतरी जेवणाच्या बेतापुरता घेतला आणि राहून गेला, असं आहे का? ग्रुपवरचे फोटो तुमच्या गॅलरीत आपोआप उतरतात का, आणि ती गॅलरी घरच्या सगळ्यांच्या टॅबवर दिसते का? हे एका संध्याकाळी निस्तरता येतं. त्यानंतर सवय अशी लावा: पूर्ण केसपेपर नको, हवा तेवढा भाग; नाव असलेला कोपरा फ्रेमच्या बाहेर; काम झालं की फोटो पुसायचा. 'बेड १२' किंवा नोंदणी क्रमांक लिहिला म्हणजे निनावी झालं असं मात्र समजू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी युरोपने केलेल्या जीडीपीआर कायद्यात अशा सांकेतिक क्रमांकाच्या माहितीला वैयक्तिक माहितीच मानतात, कारण क्रमांकाची किल्ली कुठेतरी असतेच. तुमच्याकडे ती वॉर्डच्या दारावरच्या फळ्यावर लिहिलेली असते. संस्थेने स्वतःचं सुरक्षित ॲप दिलं असेल तर तेच वापरा, ते कितीही संथ असलं तरी. "काय भन्नाट केस आलीय" म्हणून उपचाराशी संबंध नसलेल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकणं हा निराळा प्रकार, त्याला माझ्याकडे क्षमा नाही.

शेवटी आत्या. विषय बदललात ते ठीक, पण ते एकदाच चालतं. आणि "काळजी करू नकोस, साधंच आहे" हे तर अजिबात म्हणू नका. ते निरुपद्रवी वाटतं, पण त्यात त्या बाई भरती आहेत याची खात्री झाली, तुम्ही त्यांचा केसपेपर पाहिला हेही कळलं. शिवाय साध्या आजारात 'साधं आहे' आणि गंभीर आजारात 'सांगता येत नाही' असं उत्तर दिलंत, तर तुमचं न सांगणंच सगळं सांगून जाईल. त्यामुळे प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, एकच उत्तर. "आत्या, आमच्याकडे कोण आहे, कोण नाही, हेसुद्धा मी घरी बोलत नाही. उद्या तुझ्याबद्दल कुणी विचारलं तरी हेच सांगेन." दुसरं वाक्य जरूर म्हणा, आत्यांना पटण्याचा संभव त्यातच जास्त आहे. काळजी खरी असेल तर त्यांनी शेजारणीच्या घरी फोन करावा, डबा हवा का विचारावं. त्या बाईंना सांगायचं असेल तर त्या स्वतः सांगतील.

आणि त्या बाई तुमच्या युनिटच्या नसतील तर त्यांचं नाव संगणकावर टाकूसुद्धा नका, कुतूहल म्हणून, फक्त आपल्यापुरतं बघायचं म्हणूनही नाही. कुणाच्या लॉगिनने कुणाची नोंद कधी उघडली गेली, हे बहुतेक प्रणालींमध्ये साठवलं जातं. लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या माजी संशोधकाला २०१० साली चार महिन्यांचा तुरुंगवास झाला. सहकाऱ्यांच्या आणि नामांकित लोकांच्या नोंदी त्याने उघडून पाहिल्या होत्या. ती माहिती त्याने विकल्याचा किंवा वापरल्याचा पुरावा नव्हता. तुमचा पासवर्ड ड्यूटी रूमच्या संगणकावर चिठ्ठी लावून ठेवला असेल, तर तो आज बदला. त्या लॉगिनने दुसऱ्या कुणी काही उघडलं, तरी नाव तुमचंच येणार.